ऑक्टोबरचा उष्मा, १३२ ची मर्यादा आणि हटवादी ड्रिफ्ट

मागच्या नोंदीत ज्या ड्रिफ्टविषयी, म्हणजे लांब धावताना वेग तोच असूनही हृदयाचे ठोके हळूहळू वाढत जाण्याविषयी, लिहिले होते, त्याचे मूळ अखेर या आठवड्यात हाती लागले. ते माझ्या बेसमध्ये, म्हणजे संथ धावेने कमावलेल्या दमात, नसून ठाण्याच्या हवेत आहे, असे दिसल्यामुळे जानेवारीपर्यंतचा सरावाचा आराखडा बदलावा लागणार आहे.

आधी आनंदाची गोष्ट. १८० वजा वय या प्रशिक्षक फिल मॅफेटोनच्या सूत्राने संथ धावेतली माझी ठोक्यांची मर्यादा मिनिटाला १३२ येते. पावसाळ्याच्या तोंडी या मर्यादेत पहिले पाच किलोमीटर ८:३० च्या पेसने (किलोमीटरमागे लागणारी मिनिटे) होत असत, ते आता ७:४० ने होतात. ठोके तेच राहून वेग वाढल्याचे घड्याळात पहिल्यांदा दिसले, त्या सकाळी उपवन तलावाला मी केवळ समाधानापोटी आणखी एक फेरी मारली. ज्यांना सुरुवातीची संथ धाव कंटाळवाणी वाटते, त्यांनी निदान एक ऋतू थांबावे, असे मी मनापासून सांगेन.

अडचण सुरू होते ती पाऊण तासानंतर. ठोके १३२ वर राखायचे तर पेस ८:२० पर्यंत सोडावा लागतो, म्हणजे वेग आठ टक्क्यांनी घसरतो. ड्रिफ्ट पाच टक्क्यांच्या आत असेल तर बेस पक्का, असे आपण धावणारे सारेच मानतो, त्यामुळे हा आकडा मला बरेच दिवस छळत होता.

पहिला संशय सेन्सरवर होता, कारण मनगटावरचे घड्याळ मध्येच १६८ दाखवू लागे आणि नेमकी तेवढीच माझी कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावले) असते. घामट हवेत मनगटावरच्या प्रकाशाच्या सेन्सरवर विसंबू नये, हे माझे मत आता ठाम झाले आहे. छातीला बांधून ठोके मोजणारा चेस्ट स्ट्रॅप मागवला, तर पहिल्याचे इलॅस्टिक इतके सैल निघाले की धावताना तो कमरेपर्यंत घसरे, आणि विक्रेत्याने बदलून देण्यास साफ नकार दिला. दुसरा मात्र उत्तम आहे. नळाखाली इलेक्ट्रोड नीट भिजवून बांधला की पहिल्या मिनिटापासून आकडा स्थिर राहतो. कोरडा बांधला तर घाम येईपर्यंत तो वाटेल ते दाखवतो. परंतु स्ट्रॅपनेही तोच ड्रिफ्ट दाखवला, तेव्हा सेन्सरचा प्रश्न निकालात निघाला.

उरली हवा आणि उरला बेस. दोन्ही वेगळे करण्यासाठी वातानुकूलित व्यायामशाळेत ट्रेडमिलवर १ टक्का चढ ठेवून ७:४० च्याच पेसने तेवढाच वेळ धावलो. ठोके १३१ वरून १३४ वर गेले आणि तिथेच थांबले! म्हणजे बेस शाबूत आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागते, घामावाटे रक्तातले पाणीही कमी होते, परिणामी प्रत्येक ठोक्यामागे हृदयातून बाहेर पडणारे रक्त घटते आणि तीच गरज भागवायला ठोके वाढतात. ही क्रिया वाचून ठाऊक होती, पण दोन आलेख शेजारी ठेवल्यावर ती खऱ्या अर्थाने पटली.

आता प्रश्न असा, की वाढ हवेमुळेच आहे तर उत्तरार्धात १४० पर्यंत मोकळीक द्यावी का? आपल्यापैकी काहींचा तसा आग्रह आहे आणि त्यात तथ्यही आहे, कारण स्नायूंवरचा भार वाढलेला नसतो. तरीही मी मर्यादा सोडणार नाही. हृदयाला पडणारे श्रम खरेच असतात, कारण कोणतेही असो. शिवाय १३२ वर संपवलेल्या धावेनंतर दुसऱ्या दिवशी बूट घालावेसे वाटतात, तर १४० च्या पुढे ओढलेल्या धावेनंतर दिवसभर अंग जड राहते, आणि मला साठीतही धावायचे आहे. पेस घसरतो तर घसरू द्यावा, प्रसंगी चालावे. उष्म्याला शरीर सरावायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, त्यामुळे ट्रेडमिल यापुढे केवळ चाचणीपुरता राहील. बाकीची धाव बाहेरच, पहाटे पाचला.

लाँग रन (आठवड्यातली सर्वांत लांब धाव) किलोमीटरऐवजी मिनिटांत मोजायचा, एवढेच ठरवून ही नोंद संपवणार होतो, पण लिहिताना येऊरच्या जंगलातल्या चढाचा विचार आला. वनखात्याच्या नाक्यापासून वर जाताना आकडा राखण्याच्या नादात मान सतत घड्याळाकडे वळते आणि त्या रानातल्या धावण्याची गोडी निघून जाते. धावताना सहज बोलता येते का, हे पाहण्याची जुनी कसोटी तिथे अधिक उपयोगी पडेल, मात्र एकट्याने बोलायचे काय, तर तेराचा पाढा. सपाटीवर १३२ च्या आत ‘तेरा एके तेरा’पासून ‘तेरा चोक बावन्न’पर्यंत एका श्वासात सहज जाता येते, हे आज सकाळीच पाहिले.

तेव्हा रविवारचा बेत बदलतो. उपवनऐवजी येऊर, घड्याळ बाहीखाली झाकलेले, स्ट्रॅप मात्र नोंद घेत राहील. दर पाच मिनिटांनी पाढा म्हणायचा, ‘त्रिक’च्या आत श्वास तुटला की चालायचे, आणि घरी आल्यावर त्या त्या क्षणाचे ठोके तपासायचे. पुढच्या नोंदीत पाढ्याची पायरी आणि स्ट्रॅपचा आकडा शेजारी शेजारी मांडेन.