इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर, तास आणि तारीख

आईबाबांची तिकिटं काढताना मी हा हिशोब कागदावर मांडला. त्याच क्रमाने देतो.

आधी अंतर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वीगोल घ्या आणि त्यावर दोरा ताणा. दोरा अमेरिकेकडे पश्चिमेने जातच नाही; चीन, सैबेरिया आणि त्याच्या उत्तरेचा गोठलेला समुद्र ओलांडून अलास्कावरून खाली उतरतो. इंदूरहून हे अंतर सुमारे 13,000 किमी भरतं, दिल्लीहून सुमारे 12,400. इंदूर-दिल्ली हा तुकडा 660 किमीचा, त्याला दीड तास धरा.

पण विमान दोऱ्यावरून जात नाही. तिबेटचं पठार साडेचार हजार मीटर उंच आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे तेवढं खाली यायला जागाच नाही. म्हणून तो भाग टाळतात. शिवाय हवाई हद्दी बंद होतात. पाकिस्तानची हद्द भारतीय कंपन्यांना एप्रिल 2025 मध्ये बंद झाली, तेव्हा पश्चिमेकडचे मार्ग लांबले.

त्याहून मोठा भाग वाऱ्याचा. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर 13,900 वरून 15,300 किमी झालं, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा लवकर. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते पाठीशी मिळाले. तेव्हा किलोमीटरला ताशी 900 ने भागून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका, वेळापत्रकातलाच आकडा घ्या.

आता तारीख. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. तिथलं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मात्र साडेबारा. हिवाळ्यात, 16 तासांचा प्रवास धरून: दिल्लीहून पहाटे 4 ला निघालं की आपले रात्रीचे 8 वाजतात, त्यातून साडेतेरा वजा, म्हणजे त्याच दिवशी सकाळी 6:30 ला तिथे. परतताना 10 तारखेला रात्री 8 ला सुटलं, तर इथे 11 चे सकाळचे 9:30 झालेले असतात. अधिक 16 तास, म्हणजे 12 तारीख, रात्री 1:30. घरच्यांना "बाराला रात्री" असं सांगू नका, ते 12 चं जेवण आटोपून निघतील. "11 ची रात्र उलटून दीड वाजता" असं सांगा.

दिल्लीतला थांबा मी पाच तासांचा धरतो. इंदूरचं तिकीट वेगळं काढलं असेल तर सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं हुकलं तर भरपाई सहसा मिळत नाही. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असणं उत्तम. टर्मिनलही तपासा: दिल्लीचं 1 आणि 3 चालत जाण्याइतकी जवळ नाहीत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत पहाटे धुकं असतं, म्हणून त्या दिवसांत पहाटे पोचणारं विमान टाळून मी आदल्या संध्याकाळचं घेतो.