तुम्ही विचारलंत म्हणून: जिनिव्हातल्या ठरावाचं आमच्या गल्लीत काय?

बचत गटाच्या बैठकीत गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याबद्दल बोलून झालं की मागच्या रांगेतून प्रश्न येतोच: "मॅडम, ती मोठी माणसं जिनिव्हात ठराव करतात, त्याचं आमच्या गल्लीत काय?" ठराव म्हणजे पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं बंद करण्याचा, देशोदेशींनी मिळून केलेला. प्रश्नात खोच असते आणि ती रास्त आहे. तिथे उत्तर घाईत उरकावं लागतं, म्हणून इथे लिहिते.

तामिळनाडूतल्या कोडाईकनालला पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना होता. तो मूळचा तिथला नव्हेच. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनमधला बंद झाला आणि १९८० च्या दशकात यंत्रं इकडे आली. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे गेला. पारा परदेशातून यायचा, तयार थर्मामीटर परदेशात जायचे, पाऱ्याने माखलेल्या फुटक्या काचा मात्र इथेच राहायच्या. २००१ मध्ये अशा काचांचा कित्येक टनांचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला, तोही भरवस्तीत. लोक रस्त्यावर उतरले, कारखान्याला टाळं लागलं. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजात भरून अमेरिकेला परत धाडला. कामगारांशी तडजोड व्हायला मात्र २०१६ उजाडलं.

यातच उत्तर आहे. एका देशाने दार लावलं की पारा शेजारचं दार ठोठावतो. सगळ्यांनी मिळून कडी घातली तरच उपयोग.

ती कडी म्हणजे मिनामाता करार, पाऱ्याला आळा घालणारा देशादेशांमधला करार. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत चिस्सो कंपनी पारा मिसळलेलं सांडपाणी सोडत होती आणि तिथले मासे खाऊन माणसं लुळी पडत होती. हा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. १९७२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत तिथले रुग्ण स्वतः जाऊन उभे राहिले. करारावर सह्या झाल्या २०१३ मध्ये! तो लागू झाला २०१७ मध्ये, भारत सामील झाला २०१८ मध्ये. इतका उशीर का, असं विचाराल तर मलाही रागच येतो. सोनं वेगळं करायला पारा वापरणाऱ्या छोट्या खाणींना तर अजूनही ढील आहे.

आता क्रीमकडे वळू. आधी करारात दहा लाख भागांत एक भाग पाऱ्याची मुभा होती. झीरो मर्क्युरी वर्किंग ग्रुप या पाऱ्याविरुद्ध काम करणाऱ्या जागतिक गटातल्या संस्था बाजारातून, ऑनलाइन दुकानांतून डब्या विकत घेऊन तपासत राहिल्या. २०२३ मध्ये जिनिव्हात करारातल्या देशांच्या बैठकीत ती मुभा गेली आणि पारा घातलेल्या सगळ्याच सौंदर्यप्रसाधनांना २०२५ ची मुदत मिळाली. त्याच २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घरात मायलेकींची मूत्रपिंडं क्रीममुळे बिघडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. पारा त्वचेत रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून आठवडाभरात चेहरा उजळतो. रक्तात उतरलेला पारा पुढे मूत्रपिंडात साठतो.

ठराव काही तुमच्या ब्युटी पार्लरमध्ये इन्स्पेक्टर धाडत नाही, हे खरंच. म्हणून डबी उलटी करून बघा. घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही? किंवा "कॅलोमेल", "मर्क्युरस क्लोराइड" अशी पाऱ्याचीच दुसरी नावं छापलीत? सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका, अशी सूचनाही कधीकधी असते, कारण पारा सोन्याला धरतो. अशी डबी कचऱ्यात फेकू नका, बेसिनमध्ये धुऊ नका. पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि बिलासकट अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. बिल नसेल तर दुकानाचा पत्ता लिहा, तोही चालतो.