2, वायकम स्ट्रीट, स्कारबरो

लंडनमधल्या पोर्टोबेलो रोडच्या शनिवारच्या बाजारात मी आता पाऊल ठेवत नाही. धक्के खात आत शिरायचं आणि ‘ओरिजिनल’ म्हणून हातात येतं काय, तर पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचं, सैन्यभरतीचं चकचकीत पोस्टर. भिंग धरलं की रंगाचे ओळीत बसलेले सारखे ठिपके दिसतात, म्हणजे आजकालची छपाई. पहिल्या महायुद्धातली बरीचशी पोस्टरं शिळाछापाची असतात. त्यात रंग सलग किंवा दाणेदार उतरतो. माणसं युद्धावर पाठवणाऱ्या कागदाच्या नावाखाली कोणी खोटा माल खपवला की माझा संताप होतो.

माझ्याकडचं खरं पोस्टर एका छोट्या लिलावात मिळालं. त्यावर घड्यांच्या खुणा आहेत, कोपऱ्यात गंजाचा डाग आहे. भिंतीवर डकवलेली पोस्टरं भिंतीबरोबरच गेली. उरली ती बहुतेक अशी, घडी घालून कुठेतरी पडून राहिलेली. तळाशी बारीक अक्षरांत पार्लमेंटरी रिक्रूटिंग कमिटीचं, म्हणजे सैन्यभरतीचा प्रचार करणाऱ्या समितीचं, नाव आणि पोस्टर क्रमांक 51. चित्रात पडकं घर आणि त्यापुढे बाळाला कडेवर घेऊन उभी असलेली मुलगी. शिवाय चक्क पत्ता: 2, वायकम स्ट्रीट, स्कारबरो! 16 डिसेंबर 1914 च्या सकाळी जर्मन युद्धनौकांनी इंग्लंडच्या समुद्रकाठच्या स्कारबरो गावावर तोफा डागल्या. एका कामगाराच्या या घरात चौघं गेली: त्याची 58 वर्षांची बायको, दोन मुलं (धाकटं 5 वर्षांचं) आणि आणखी एक जण. हे सगळं पोस्टरवरच छापलंय, आणि त्याखाली सैन्यात भरती होण्याचं आवाहन.

पत्ता वाचल्यावर राहवेना. किंग्ज क्रॉसहून यॉर्क, तिथे गाडी बदलून स्कारबरो. बीचवर मुंगीला शिरायला जागा नव्हती आणि आइस्क्रीमच्या रांगेतली पोरं किंचाळत होती. मी तिकडे पाठ फिरवून गावात शिरलो.

गल्ली अगदी साधी. विटांची एकाला एक लागून घरं, दारात कचऱ्याचे डबे, कडेला लावलेल्या मोटारी. मी मोबाईलवरचं पोस्टर आणि समोरची घरं आळीपाळीने बघत होतो, तेवढ्यात एका दारातून आजी बाहेर आल्या. “काय शोधताय, लव्ह?” मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून तो जवळ घेतला, पडक्या घराऐवजी त्या मुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हिला बघायला कोणी येत नाही. सगळे किल्ला बघून परत जातात.” मग दोन शब्द बोलून झाल्यावर चहालाही बोलावलं. अनोळखी माणसाला इतक्या सहज आत घेणारं घर मला लंडनमध्ये अजून भेटलेलं नाही.

त्या घरात खरीखुरी माणसं राहत होती, म्हणूनच हे पोस्टर माणसाला आतून हलवतं. आणि छापणाऱ्यांना नेमकं हेच ठाऊक होतं. 1916 मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आल्यावर अशा आर्जवांची गरजच उरली नाही.

पोस्टर दिवाणखान्यात लावू या, असं बायको म्हणते. मी तयार नाही. उन्हाने रंग उडतात हे आहेच, पण कुणाच्या घरचा मृत्यू सोफ्यामागे टांगायला माझं मन होत नाही. ते आम्लरहित कागदात सपाट ठेवलंय. आता त्याच हल्ल्यावरचं एडिथ केम्प-वेल्श यांनी काढलेलं ‘रिमेंबर स्कारबरो’ हवंय. त्यात तलवार घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप, आणि मागे जळतं गाव आहे. तेही तळाशी छापखान्याचं नाव बघितल्याशिवाय घेणार नाही.