हागिबिस येण्याआधीचे दोन दिवस

2019 च्या ऑक्टोबरमध्ये हागिबिस टायफून, म्हणजे चक्रीवादळ, तोक्योच्या दिशेने निघालं तेव्हा आम्ही पूर्व तोक्योतल्या निशी-कासाईला राहत होतो. महिनाभर आधीच एका टायफूनने शेजारच्या चिबा प्रांताची दैना केली होती. छपरं उडाली होती, काही भागांत तर कित्येक दिवस वीज नव्हती. त्यामुळे या वेळी सगळ्यांनी वाऱ्याचीच धास्ती घेतली. शुक्रवारी दुकानात गेले तर पाव, बॅटऱ्या, काचेला लावायची चिकटपट्टी, सगळ्याचे रॅक रिकामे.

पट्टी मिळाली नाही म्हणून मी फार हळहळले नाही. तिने काच मजबूत होत नाही, फुटली तर तुकडे उडत नाहीत इतकंच. जाड पडदे ओढून खाली चिमटे लावले तरी बरंच काम होतं. बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दांडी, तुळशीची कुंडी, चपला, सगळं आत घेतलं. नवऱ्याने बाल्कनीतल्या पाणी जायच्या जाळीत अडकलेली पानं काढली. हे काम विसरायचं नाही. जाळी तुंबली की पावसाचं पाणी थेट सरकत्या दाराखालून घरात येतं.

मला खरी भीती होती पाण्याची. आमच्या एदोगावा वॉर्डची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. एका बाजूला आराकावा नदी, दुसऱ्या बाजूला एदोगावा नदी, दक्षिणेला खाडी. त्याच वर्षी वॉर्डाने घरोघरी पूरनकाशा वाटला होता आणि त्यावर ‘इथे थांबू नका’ असं स्वच्छ छापलं होतं. पाणी शिरलं तर एक-दोन आठवडे ओसरणार नाही, हेही त्यात होतं. शिवाय दोन दिवसांवर कोजागिरी. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला पौर्णिमेचं उधाण समजावून सांगावं लागत नाही.

नकाशातल्या रंगाप्रमाणे पाणी आमच्या मजल्यापर्यंत येऊ शकत होतं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या, गुडघे दुखरे.

“अगं, एवढी मोठी इमारत, आपण काही तळमजल्यावर नाही. कशाला जायचं?” त्या म्हणाल्या.

“आई, वीज गेली, नळ बंद झाला आणि खाली आठवडाभर पाणी राहिलं, तर तुम्हाला इथून कसं काढायचं?”

त्या क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “मग उजेडी जाऊ. काळोखात मला जमायचं नाही.”

स्टेशनच्या दक्षिणेला सेइशिन्चो आहे. भराव टाकून केलेली ती जमीन आमच्यापेक्षा उंच. तिथल्या सरकारी वसाहतीत वरच्या मजल्यावर आमचे मराठी मित्र राहायचे. त्यांना फोन केला, ते लगेच “या” म्हणाले.

रात्री मी दशम्या केल्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या म्हणून दोन-तीन दिवस सहज टिकतात, गरम कराव्या लागत नाहीत. सोबत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि छोटी गॅसची शेगडी. पासपोर्ट, झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र) आणि सासूबाईंची औषधं झिपच्या पिशवीत. रोख पैसेही काढले, वीज गेली की कार्ड चालत नाही.

निघण्यापूर्वी आंघोळीचा टब काठोकाठ भरला. संडास आणि न्हाणीघराच्या मोरीवर पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. 45 लिटरच्या कचऱ्याच्या दोन पिशव्या एकात एक घालायच्या, निम्म्या पाण्याने भरायच्या, हवा काढून गाठ मारायची आणि भोकावर ठेवायच्या. पूर आला की गटाराचं पाणी उलट्या दिशेने नळीतून वर येतं, ते या वजनाने अडतं. पिशवी भोकाच्या आकारात नीट बसली पाहिजे, म्हणून ती कमी भरलेलीच बरी.

शनिवारी, 12 तारखेला, रेल्वे टप्प्याटप्प्याने बंद होत होत्या. नऊ-साडेनऊला आम्ही निघालो. पाऊस होता पण चालता येत होतं. आम्ही पोचतो न पोचतो तोच आमच्या भागाला स्थलांतराची सूचना आली. मोबाइल एकदम केकाटला तेव्हा सासूबाई सोफ्यावर टेकून चहा पीत होत्या.

संध्याकाळी भूकंपाचा एक धक्काही बसला. सातच्या सुमारास टायफून इझू द्वीपकल्पावर धडकलं आणि रात्री वाऱ्याने काचा थरथरायला लागल्या. मध्यरात्रीनंतर सगळं शांत. सकाळी निळंशार आकाश, खाली मुलं सायकली घेऊन निघालेली.

सासूबाई पिशवी घेऊन दाराशी तयार. पण आराकावा तेव्हाच सर्वांत जास्त चढली होती. वरच्या डोंगरांतलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो. आराकावावरच्या इवाबुचीच्या मोजपट्टीवर सकाळी दहाच्या सुमारास 7.17 मीटर पातळी नोंदली गेली, धोक्याची पातळी 7.7. आम्ही फोनवर तो आकडा बघत बसलो. तो सलग उतरायला लागला तेव्हाच घरी निघालो.

बांध टिकले. घर कोरडं होतं. टबातलं पाणी मी धुण्याला वापरलं, पिशव्या वाळवून संडासातल्या फळीवर घडी करून ठेवल्या आणि सेइशिन्चोच्या त्या मित्रांशी बोलून ठेवलं की पुढच्या वेळीही आम्ही येणार, आणि भूकंपात त्यांची लिफ्ट बंद पडली तर त्यांनी आमच्याकडे यायचं.