व्हरांडा आहे ना?

माथेरानला गेलं की बाकीचे पॉइंट करत फिरतात, मी बंगले बघत फिरतो. घोडेवाले मागे लागतात, शार्लट लेक, इको पॉइंट, सगळं दाखवतो म्हणतात, पण मला त्या लाल मातीच्या रस्त्यावरून कुणाच्या तरी गेटमधून आत डोकवायचं असतं (वॉचमन नसला तर). जांभ्या दगडाचं जोतं, उतरतं छप्पर आणि पुढे हा एवढा व्हरांडा, निम्मं घर त्यालाच देऊन टाकलंय की काय!

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथं चढून आला आणि मग साहेब लोकांची रीघ लागली, मागोमाग मुंबईचे पारशी, बोहरी शेठ. पीरभॉय शेठनी बांधलेली छोटी आगगाडी नेरळहून वर यायला १९०७ उजाडलं, तोवर सगळं माणसांच्या नाहीतर जनावरांच्या पाठीवर, त्यामुळे डोंगरात मिळणाऱ्या जांभ्यातच बांधणं परवडत असणार. आणि पाऊस! मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून छपराला एवढा उतार, आणि ते व्हरांड्यावरून पार खाली ओढलेलं, म्हणजे झड आत भिंतीपर्यंत येत नाही आणि मे महिन्यात ऊनही बाहेरच थांबतं. एसीशिवाय भागवायची अक्कल होती लोकांना.

साहेब आला म्हणजे चर्च आलंच. सेंट पॉल अजून आहे, कॅथलिकांचं वेगळं आहे. आपल्या कुलाब्याचं अफगाण चर्च आठवा, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी बांधलेलं, मनोरा १९८ फूट, समुद्रातून बोटींना दिसावा असा. माथेरानच्या चर्चना तसला तोरा नाही, झाडीत आपली बसलेली असतात. बरोबरच आहे म्हणा, उन्हाळ्यापुरते आलेले लोक, रविवारी प्रार्थना उरकून परत पत्ते कुटायला जाणार, त्यांना मनोरा कशाला.

आता आमच्या दादरच्या सोसायटीत या. एकूणएक बाल्कनी आत घेतलेली, आमचीसुद्धा. स्लायडिंग, ग्रिल, बाहेर एसीचा डबा, आत वॉशिंग मशीन. गिरगावात खोताच्या वाडीत लाकडी व्हरांड्यांची थोडी घरं उरलीत, तिथे आपण फोटो काढायला जातो.

आणि मग हेच आपण सगळे लाँग वीकेंड आला की कर्जत लोकलमध्ये घुसणार, नेरळला उतरून टॅक्सीनं दस्तुरीपर्यंत, पुढे गाड्यांना बंदी म्हणून बॅगा ओढत चालत, पण त्याआधी हॉटेलवाल्याला फोन करून पहिला प्रश्न काय, तर रूमला व्हरांडा आहे ना? तो म्हणतो आहे, त्याचे जास्तीचे पैसे लावतो, आपण देतो. आणि तिथे पोचून चहा मागवला की पाच मिनिटांत माकडं बिस्किटांचा पुडा उचलून नेतात, की आपण उठून आत जातो आणि दार लावून घेतो.