गाईला इंजेक्शन, शेगडीला उपास

डिसेंबरात गोबरगॅस मंदावला की आपल्याकडे दोष थंडीला जातो. बऱ्याचदा तो खराही असतो. जळगाव-धुळ्याच्या बाजूला रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरला की टाकीतले जीव सुस्तावतात. पण थंडीत गॅस कमी आला तरी तो निळा जळतो. घुमटात दाब आहे, शेगडी सुसाटते, काडी लावली तर ज्योत धरत नाही आणि आउटलेटला आंबूस वास येतोय, अशा वेळी गेल्या पंधरवड्यात गोठ्यात कोणतं औषध दिलं ते आठवा.

मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव जिवाणू नसतात, त्यांचा वर्गच वेगळा. त्यामुळे बहुतेक अँटिबायोटिक त्यांना थेट मारत नाही. मरतात ते त्यांना खाऊ घालणारे जिवाणू, म्हणजे शेणातून निघालेली आम्लं पुढे मोडून देणारे. ती साखळी तुटली की आम्ल साचतं, सामू (pH) ६.५ च्या खाली जातो आणि मग मिथेनवालेही थांबतात. गॅस येत राहतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो.

आता हिशेब मांडू. दोन घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा प्लांट, गोठ्यात चार जनावरं, रोज ५० किलो शेण, ५० लिटर पाणी, ४० दिवसांचा मुक्काम, म्हणजे टाकीत साधारण ४००० लिटर शेणकाला. ४०० किलोच्या गाईला ऑक्सिटेट्रासायक्लिन किलोमागे १० मिलिग्रॅम दिलं तर रोजचे ४ ग्रॅम. त्यातलं निम्मं शेण-मुतातून जसंच्या तसं बाहेर पडलं असं धरा. पाच दिवसांचे १० ग्रॅम टाकीभर पसरले की लिटरला अडीच मिलिग्रॅम होतात. चारपैकी एकाच गाईचं एवढं टाकी बहुधा झेलते. चारही जनावरांना एकदम कोर्स सुरू झाला तर हेच १० मिलिग्रॅमवर जातं आणि गॅस घसरू शकतो.

सगळी औषधं सारखी नसतात. पेनिसिलिन, अँपिसिलिन लवकर मोडतात. टेट्रासायक्लिन शेणाच्या चोथ्याला चिकटून राहतं. एन्रोफ्लॉक्सासिन तर त्याहून चिवट.

म्हणून आजारी जनावर गोठ्याच्या कडेला बांधा आणि त्याचं शेण वेगळ्या खड्ड्यात टाका. शेवटच्या डोसनंतर आठवडाभर तरी, लाँग ॲक्टिंग इंजेक्शन असेल तर दोन आठवडे. बाकीच्यांचं शेण टाकीत चालू ठेवा. वेगळं काढलेलं शेण केळीच्या खोडाचे तुकडे किंवा बारीक केलेली पऱ्हाटी मिसळून तीन-चार फूट ढिगात कुजवा. ढीग ५५ अंशांपर्यंत तापला, दोनदा पलटला, की टेट्रासायक्लिन बरंच मोडतं.

सगळ्यात घातक सवय वेगळीच आहे. दगडी (कासदाह) झालेल्या गाईचं दूध डेअरीत चालत नाही, म्हणून ते इनलेटमध्ये ओतलं जातं. सडात सोडलेल्या ट्यूबचं औषध त्यात पुरेपूर उतरलेलं असतं, शिवाय दुधातली साखर आणि चरबी स्वतःच टाकी आंबवतात. ते मातीत खड्डा करून पुरा.

नवापूरकडे कोंबडीखत शेणात मिसळतात, तिथे प्रश्न रोजचा आहे. रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन खाद्यातच कालवलेलं असतं, त्यात अमोनियाची भर. शेणाच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये. खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा. कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक तर २०१९ पासून दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना देशात बंदच आहे.

शंका असेल तर पाच लिटरचे तीन कॅन घ्या. प्रत्येकात चांगल्या प्लांटचा ३ लिटर शेणकाला. एकात अर्धा किलो निरोगी शेण आणि अर्धा लिटर पाणी, दुसऱ्यात तेवढंच संशयित शेण आणि पाणी, तिसरा तसाच. झाकणातून नळी काढून मेणाने बंद करा आणि तिचं टोक पाण्याने भरून उपड्या केलेल्या दोन लिटरच्या बाटलीत सोडा. बाटलीत किती गॅस जमला ते रोज मोजून लिहा आणि बाटली पुन्हा भरा. पंधरा दिवसांनी तिसऱ्याचा आकडा दोघांतून वजा केला की फरक समोर येतो.

टाकी आंबलीच तर चार दिवस शेण बंद. सामूच्या पट्टीने आउटलेट तपासा. चुन्याची निवळी घाईने ओतू नका. चुना घुमटातला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि आत उलटा दाब तयार होऊ शकतो. पाव किलो विरवलेला चुना बादलीभर पाण्यात, एवढंच, आणि पुढचा हात दुसऱ्या दिवशीच्या मोजणीनंतर. खाण्याचा सोडा जास्त बिनधोक. सामू ६.८ ला आला की शेजारच्या चालू प्लांटचा ३००-४०० लिटर शेणकाला घाला, रोज १२ किलो शेणाने सुरुवात करा आणि चार दिवसांनी दुप्पट करा. पुढची वाढ ज्योत बघून.

आणि त्या काळातला शेणकाला मेथी-कोथिंबिरीला सोडू नका. टाकीतून गेल्याने औषधाला न जुमानणारे जिवाणू सगळे मरत नाहीत. तोही ढिगावरच टाका.