बटण दाबलं की नुसतं ‘टक्’

आमची बोट दापोलीजवळच्या हर्णैची, पण पावसाळ्यात ती हर्णैला नसते. तिथे दर्या थेट अंगावर येतो, म्हणून बाकीच्यांसारखी आम्हीही ती आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन ठेवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेवढे ६१ दिवस इंजिनाला कोणी हात लावत नाही. मेच्या शेवटी बाबा दोन्ही बॅटऱ्या सोडवून घरी आणतात, केबलच्या टोकांना ग्रीस फासून वर काळी टेप गुंडाळतात आणि इंजिनावर ताडपत्री टाकतात. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

मी बोटीवर जात नाही. आयटीआयला वायरमन केलं आणि अकरा वर्षं दापोलीत घरांची वायरिंगची कामं घेतो. त्यामुळे २८ जुलैला बाबांचा फोन आला, ‘इंजिन उठत नाय, तू ये’, तेव्हा मला जरा बरंच वाटलं. वीज म्हटली की आपलं घर, असा माझा समज.

इंजिन सहा सिलिंडरचं डिझेल. स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, २४ व्होल्टचा; म्हणून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला एक जोडून. चावी फिरवली की पॅनेलवर ऑइलचा लाल दिवा लागायचा, केबिनमधला बल्ब लख्ख. बटण दाबलं की खालून ‘टक्’. बस्स. इंजिन तसूभर हलायचं नाही.

दोन महिने बंद राहिलेलं इंजिन गंजून धरलं असेल किंवा सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल, ही पहिली भीती. मेस्त्रींनी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. फिरलं. मग त्यांनी निकाल दिला: बॅटरी. मी मीटर लावला. एक १२.६, दुसरी १२.५. बॅटऱ्या कालच चार्ज होऊन आल्या होत्या. तरी शंका नको म्हणून शेजारच्या बोटीच्या बॅटऱ्या उचलून आणल्या. खाडीच्या चिखलातून ते धूड वाहून आणताना खलाशांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. जोडल्या, बटण दाबलं. ‘टक्’.

आता दोष स्टार्टरवर. तो खोलून दापोलीला पाठवला. तिथे टेबलावर तो भन्नाट फिरला, पण आणलाच आहे तर म्हणून नवे ब्रश घालून घेतले. २,२०० रुपये आणि एक अख्खा दिवस गेला. परत बसवला. ‘टक्’.

मधल्या वेळात मी माझ्या परीने सगळ्या केबल तपासल्या होत्या. मीटर कंटिन्युइटीवर ठेवला, म्हणजे तार सलग असेल तर तो बीप देतो. मायनसच्या केबलचा बॅटरीकडचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, आणि केबल जिथे जाते तो इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचं लोखंडी अंग, यांना टोकं लावली. बीप वाजली. प्लसच्या केबलला लावली, तिथेही बीप. मी बाबांना छातीठोकपणे सांगितलं, ‘वायरिंगमध्ये काही नाही.’ घराच्या वायरिंगमध्ये हे वाक्य मी शेकडो वेळा बोललोय आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरलंय.

वेळेची घाई होती ती खाडीच्या तोंडामुळे. तिथे इतका गाळ आहे की भरती पुरेशी असल्याशिवाय बोट बाहेर काढायची सोय नाही. उधाणाचे दिवस हातचे गेले की बाकीच्या बोटी म्हावरं विकत असणार आणि आमची चिखलात बसलेली. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, काही बोलत नव्हता, पण दर अर्ध्या तासाने येऊन पाण्याकडे बघून जायचा.

तिसऱ्या दिवशी आत्तोबा आले. ते मुंबईत टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, इंजिन ड्रायव्हर होते, आता घरीच असतात. त्यांनी एकच विचारलं, ‘बटण दाबलेलं असताना बॅटरी किती दाखवते?’

मी मोजलंच नव्हतं. मोजलं होतं ते सगळं इंजिन गप्प असताना.

मोजलं. बटण दाबायच्या आधी २५.१, दाबल्यावर २४.१. आत्तोबा म्हणाले, ‘बॅटरी मेलेली असती तर धाडकन खाली गेली असती. स्टार्टर अडकला असता तरी गेली असती. ही तर जागची हलतच नाय. म्हणजे करंट स्टार्टरपर्यंत जातच नाय धड.’ मग त्यांनी केबिनच्या बल्बकडे बोट दाखवलं. बटण दाबताना तो जेमतेम फिका होत होता. तीन दिवस तो बल्ब आमच्या डोक्यावर लटकत होता आणि हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून जे करवून घेतलं ते कोणी मला आयटीआयमध्ये शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तेव्हा मी वर्गात नसेन. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं स्टार्टरच्या बोल्टवर, म्हणजे एकाच केबलच्या दोन टोकांना. मग बटण. केबल धड असेल तर आकडा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे, अर्धा व्होल्ट म्हणजे फार झाला. आला ०.४. ठीक. आता तेच मायनसला: एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं स्टार्टरच्या अंगावर. बटण.

१८.

चोवीसपैकी अठरा व्होल्ट त्या हातभर केबलमध्येच संपत होते. स्टार्टरच्या वाट्याला उरले साडेपाच-पावणेसहा. तेवढ्यात सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरवरचा विजेचा खटका, ‘टक्’ करतं, पण इंजिन फिरवायचा दम कुठून येणार? ब्लॉककडच्या लगला हात लावला तर चटका बसला.

आणि माझी ती बीप? साधा मीटर वाटेत पंचवीस-तीस ओहमपर्यंत अडथळा असला तरी बीप देतो. इथला दोष असेल ०.१५ ओहमचा. माझ्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच तेवढ्या असतात. घरातल्या गीझरच्या वायरीत हा दोष असता तर १० अँपिअरला दीड व्होल्ट गेला असता. २३०मधून दीड, कोणाला पत्ता लागला नसता. स्टार्टर मागतो शेकड्यांनी अँपिअर, आणि देणारे जेमतेम २४ व्होल्ट. तिथे तेवढाच दोष सगळं गिळून टाकतो. अकरा वर्षं मी ज्या आकड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यांच्यावरच ही बोट चालते.

खात्रीसाठी एक जाड जादा केबल आधी बॅटरीच्या मायनसला जोडली आणि दुसरं टोक इंजिनाच्या ब्लॉकला, बॅटरीपासून लांब. हा क्रम आत्तोबांनी मला दोनदा बजावला, कारण चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि ठिणगी तिच्या तोंडाशी उडायला नको. बटण दाबलं. केबिनचा बल्ब एकदम मंदावला आणि इंजिन घुर्र घुर्र फिरायला लागलं. दिवा मंद झाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

जुनी केबल सोडवून घरी नेली. वरून नव्यासारखी. टेप काढली, लगच्या मागे चार इंच कापून पाहिलं, तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी आणि काळ्या पडलेल्या तारा. एक्झॉस्टच्या सांध्यातून खारं पाणी नेमकं त्या टोकावर ठिबकत होतं. ते टेपच्या आत गेलं, टेपने त्याला बाहेर येऊ दिलं नाही, आणि तारांमधून ते दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढत गेलं. नवी केबल ७० चौरस मिलिमीटरची, कल्हईच्या तारांची घेतली, लग मशीनवर दाबून घेतले. ठिबकणारा सांधाही बांधला.

पुढचं भराभर उरकलं. इंजिन फिरत होतं पण पेटत नव्हतं, ती डिझेलमधली हवा. मेस्त्रींनी पंपावर एअर काढली आणि ते धूर ओकत उठलं. चालू इंजिनावर बॅटरीला २८ व्होल्ट यायला हवेत, मिळाले २५. पॅनेलवरचा चार्जिंगचा बारका बल्ब गेलेला होता. बॅटरी चार्ज करणाऱ्या आमच्या आल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बातूनच मिळतो, हे मला तेव्हा कळलं. बल्ब बदलला, २८.२.

भरतीला अजून तास होता. बाबा नव्या लगजवळ वाकले आणि खिशातून टेपचा रोल काढला. मी त्यांच्या हातातून तो घेतला आणि लगला नुसतं व्हॅसलीन लावलं.

‘अरे, पाणी लागंल नाय?’

कापलेला तुकडा माझ्या पिशवीतच होता. मी म्हटलं, ‘लागलं तर सुकेल पण, बाबा.’ ते काही म्हणणार, तेवढ्यात तांडेलाने वरून हाक मारली, पाणी भरलंय, नांगर उचला.